मुरुमाची माणसे, बांबूचे गाव

माझ्या आजोबांनी फैजपूरची काँग्रेस पाहिली होती. १९३६ सालचा डिसेंबर महिना. आजोबा तेव्हा असतील दहा-अकरा वर्षांचे. गावातून बैलगाड्या निघाल्या, तेव्हा तेही एका गाडीच्या मागे लोंबकळत गेले. पंडित नेहरू अधिवेशनाचे अध्यक्ष, गांधीजी स्वतः आलेले. पण "आजोबा, नेहरू काय बोलले हो?" असे विचारावे, तर आजोबा नुसती मान हलवीत. त्यांना आठवे ते एवढेच, की तिथल्या वेशी आपल्या घरातल्या कणगीसारख्या विणलेल्या होत्या. "कणगीत आपण जोंधळा भरतो, तिथं माणसं भरली होती," असे म्हणून ते स्वतःशीच हसत.

लहानपणी मला ह्याची थोडी लाजच वाटे. एवढा इतिहास डोळ्यांपुढे घडत होता आणि हा मुलगा बांबूच्या कामट्या मोजीत बसला! पुढे मास्तरकी करू लागलो, पुस्तके चाळता चाळता कळले, की त्या नगराची रचना करण्यासाठी गांधीजींनी बंगालमधून एका चित्रकाराला बोलावून घेतले होते. त्याचे नाव नंदलाल बसू. आजोबांनी बघायचे तेच बघितले होते म्हणायचे!

तेव्हापासून नंदबाबूंचे गाव पाहावे असे मनात होते. मास्तरांच्या खिशाला बंगालचा प्रवास लवकर झेपत नाही; तरी एका नाताळच्या सुट्टीत शांतिनिकेतनला जाऊन आलो. बोलपूर स्टेशनावर उतरलो आणि पहिली ओळख पटली ती मातीशी. तांबडी, खडेरी, थेट आपल्या कोकणातल्या जांभ्याची बहीण. पावसाने ही जमीन चिरत जाते, तिच्यात घळी पडतात; तिकडे त्यांना खोआई म्हणतात. देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली इथे जागा घेतली, तेव्हा ह्या उजाड माळावर सातविणीची दोन झाडे होती, असे सांगतात. तिथेच रवींद्रनाथांनी १९०१ साली शाळा काढली आणि १९१९ साली कलाभवन सुरू केले.

हल्ली परदेशांत कलावंतांना रानात, समुद्रकाठी, शेतावर महिना-दोन महिने राहावयास बोलावतात. तिथली माती, दगड, पालापाचोळा घेऊन त्यांनी तिथेच काही घडवावे, अशी कल्पना. ऐकायला नवी वाटते. पण शांतिनिकेतनच्या माळावर माणसे महिन्या-दोन महिन्यांसाठी नव्हे, जन्मभरासाठी राहिली. नंदबाबूंनी १९२२ च्या सुमारास कलाभवनाची सूत्रे हाती घेतली आणि १९५१ पर्यंत सांभाळली. विद्यार्थी त्यांना 'मास्टरमोशाय' म्हणत. (आम्हां मास्तरांना तेवढाच अभिमान!) खिशात कोरी कार्डे असत, वाटेत दिसलेली शेळी, ताडाचे झाड, ओझे घेतलेली बाई, जे दिसेल ते कार्डावर उतरे आणि टपालाने कुणातरी शिष्याकडे जाई. आल्पना, म्हणजे बंगाली रांगोळी, शिकविण्यासाठी त्यांच्या कलाभवनात सुकुमारी देवी नावाच्या एक बाई होत्या. घरच्या अंगणातली विद्या त्यांनी कलाशाळेत आणली. आपल्याकडेही किती आज्या अशा विद्यापीठाच्या योग्यतेच्या होत्या. त्यांना बोलवायला कोणी गेले नाही, इतकेच.

मी गेलो होतो नंदबाबूंसाठी, पण खिळून राहिलो ते त्यांच्या शिष्यापाशी. रामकिंकर बैज हा बांकुड्याचा, न्हाव्याच्या घरातला मुलगा. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चटर्जी ह्यांनी त्याला हेरले आणि १९२५ साली तो कलाभवनात दाखल झाला. ब्राँझचे ओतकाम करावे तर पैसा कुठला? संगमरवर तर दूरच. तेव्हा त्याने पायाखालचा मुरूम उचलला, त्यात सिमेंट कालवले, लोखंडी सांगाडा उभा केला आणि गिलावा मारणाऱ्या गवंड्यासारखा तो लगदा हाताने त्यावर फेकीत फेकीत मूर्ती चढविली.

१९३५ साली निलगिरीच्या झाडांमध्ये त्याने एक उंच, सडपातळ मुलगी उभी केली. झाडांमधलेच एक झाड जणू. नंदबाबूंनी ती पाहिली आणि सुचविले, हिच्या डोक्यावर खिरीचे भांडे दे. भांडे आले, आणि ती सुजाता झाली, बुद्धाला खीर देणारी. शिष्याच्या कामात हात न घालता त्याला नाव मिळवून देणे, हे आम्हां शिक्षकांना सहसा साधत नाही. आम्ही तांबडी पेन्सिल घेऊन बसतो!

१९३८ साली झाले ते 'संथाळ कुटुंब'. बाप, आई, मूल आणि बरोबर कुत्रा. बापाच्या खांद्यावर कावड. तिच्या एका शिंकाळ्यात मूल. घर सोडून कुठेतरी कामाला निघालेली ही माणसे माणसापेक्षा मोठ्या आकाराची आहेत. आजवर आपल्याकडे उघड्यावर पुतळा म्हणजे घोड्यावरचा राजा किंवा खुर्चीतला लाटसाहेब. इथे चौथऱ्यावर चढला तो कावडवाला मजूर, आणि त्याची कातडी त्याच वाटेवरच्या मुरुमाची. मी जवळ जाऊन पाहिले. खडे वेगवेगळे मोजता येतात. आमच्याकडे दिवाळी संपली की ऊसतोडीला निघणारी कुटुंबे मी दरसाल पाहतो. माझ्या वर्गातले दोन-तीन बाक त्या आठवड्यात रिकामे होतात. त्या शिंकाळ्यातल्या मुलासमोर मी किती वेळ उभा होतो, ते सांगता यायचे नाही. आता ह्या शिल्पावर छप्पर घातले आहे. उन्हापावसात उभे राहण्यासाठी घडलेल्या माणसांना अखेर आसरा मिळाला. ते चांगले की वाईट, माझे मत अजून ठरत नाही.

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या छतावर विनोदबिहारी मुखर्जींनी १९४० साली चितारलेला बीरभूमचा मुलूख, आणि पुढे दृष्टी पूर्ण गेल्यावरही न थांबलेले त्यांचे काम, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. त्यांचे शिष्य सत्यजित राय ह्यांनी १९७२ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. 'कालो बाडी' मात्र सांगितलीच पाहिजे. मातीची ही वास्तू, भिंतींवर भारहुत, महाबलिपुरम्, अगदी मिसरपर्यंतची शिल्पे मातीतच उठविलेली, आणि वरून डांबर. डांबराचा हात पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, नाहीतर पाऊस घर खाऊन टाकील.

फैजपूरच्या नगराला असा हात कोणी द्यायचा? ते तीन-चार दिवसांसाठीच उभे राहिले होते. काँग्रेसचे हे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, म्हणून गांधीजींचा आग्रह असा, की सामान खेड्यातले आणि हातही खेड्यातले. आपण चित्रकार, बांधकामाचे काय कळते, म्हणून नंदबाबू आधी संकोचले होते. पण आले. बांबू, गवत, तट्ट्या ह्यांनी टिळकनगर उभे राहिले. प्रदर्शनाचे उद्‌घाटन करताना गांधीजींनी त्याचे श्रेय नंदबाबूंना आणि म्हात्रे नावाच्या स्थापत्यकाराला नाव घेऊन दिले. सुमारे सव्वा वर्षाने हरिपुऱ्याला नंदबाबूंनी खेड्यातल्या कामकऱ्यांची चित्रे केली. ती कागदावर होती, म्हणून राहिली. कोल्हापूरकडचे विनायक मासोजी नंदबाबूंचे शिष्य आणि पुढे कलाभवनातच अध्यापक. तेव्हा मराठी माणसाचा त्या तांबड्या मातीशी संबंध अगदीच नव्हता असे नाही.

शांतिनिकेतनहून परतल्यावर मी आजोबांना सगळे सांगावयास बसलो. वय नव्वदीच्या पलीकडे गेलेले, कान जड. नंदलाल बसू हे नाव मी दोनदा मोठ्याने उच्चारले. त्यांना ते ठाऊक नव्हते. मग मी शाळेच्या वहीवर पेन्सिलीने एक वेस काढून दाखविली, उभे-आडवे विणकाम असलेली. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "कामट्या अशा उभ्या नव्हत्या. तिरप्या होत्या." आणि पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली.