वैश्विक धुळीतून घडलेली चित्रसृष्टी

मासिकातली वाचकांच्या पत्रांची पाने बहुतेक जण चाळून पुढे जातात. पण एका मासिकाच्या पत्रव्यवहारातून एक चळवळ उभी राहिली. ती अमेरिकेतून जपानला गेली आणि तिथल्या अॅनिमेशनचे, म्हणजे चलत्‌चित्रांचे, रूप तिने बदलून टाकले. या इतिहासात कारखानदार आणि चित्रपट निर्माते आहेतच, पण त्याच्या मध्यभागी उभे आहेत ते गणिताचे एक शिक्षक. म्हणून हा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

पत्ता छापण्याचा परिणाम

एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. गर्न्सबॅक मूळचे रेडिओच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे आणि तांत्रिक मासिके काढणारे. कथेच्या निमित्ताने वाचकाच्या मनात विज्ञान शिरावे, ही त्यांची इच्छा. त्यांच्या मासिकात पत्रलेखकांची नावे पूर्ण पत्त्यांसह छापली जात. परिणाम असा झाला, की वाचक संपादकाला सोडून एकमेकांना पत्रे लिहू लागले. पत्रांतून मंडळे निघाली आणि मंडळांची हौशी नियतकालिके निघाली. १९३० मध्ये निघालेले ‘द कॉमेट’ हे त्यांतले पहिले मानले जाते. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथा रसिकांचे पहिले जागतिक संमेलन भरले.

हा निव्वळ फावल्या वेळचा उद्योग नव्हता. १९३० मध्ये गर्न्सबॅक यांच्या मासिकाचे संपादक डेव्हिड लॅसर आणि काही विज्ञानकथा लेखक यांनी एकत्र येऊन ‘अमेरिकन इंटरप्लॅनेटरी सोसायटी’ स्थापन केली. पुढे १९३४ मध्ये तिचे नाव ‘अमेरिकन रॉकेट सोसायटी’ झाले आणि तिच्या सभासदांनी द्रवरूप इंधनाच्या अग्निबाणांचे प्रत्यक्ष प्रयोग केले.

गणिताचे शिक्षक शिबानो

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी सैन्याचा तळ होता. सैनिकांनी वाचून टाकलेली स्वस्त पुस्तके आणि मासिके जुन्या पुस्तकांच्या दुकानांत येत. त्यांतूनच जपानी तरुणांच्या एका पिढीला इंग्रजी विज्ञानकथेची ओळख झाली. जपानी भाषेत मात्र विज्ञानकथेला बाजार नव्हता. १९५४ मध्ये ‘सेइउन’ (म्हणजे तेजोमेघ) नावाचे मासिक निघाले आणि एका अंकातच बंद पडले.

ताकुमी शिबानो (१९२६–२०१०) हे तोक्योतील एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवत. उडत्या तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या एका मंडळाचे ते सभासद होते. तबकड्यांमधून शास्त्राला काही मिळाले नाही, पण त्या मंडळात विज्ञानकथेची आवड असलेली माणसे एकमेकांना भेटली. त्यांना घेऊन शिबानोंनी १९५७ मध्ये ‘उचूजिन’ हे हौशी मासिक सुरू केले. या नावात एक श्लेष आहे. ‘उचूजिन’ या उच्चाराचा एक अर्थ ‘अंतराळातला माणूस’ असा होतो, पण ज्या चित्राक्षरांत शिबानोंनी नाव लिहिले त्यांचा अर्थ होतो ‘वैश्विक धूळ’. ग्रह आणि तारे धुळीच्या आणि वायूच्या ढगांतून घडतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नावाची समर्पकता कळते. शिबानोंचे टोपणनावही असेच होते. ‘कोझुमी रेइ’ हे कॉस्मिक रे, म्हणजे विश्वकिरण, या शब्दांचे जपानी वळण!

‘उचूजिन’च्या दुसऱ्याच अंकात शिन्‌इची होशी या तरुणाची कथा आली. ती एका व्यावसायिक मासिकाने उचलून छापली आणि पुढे अतिलघुकथांसाठी जपानभर नावाजलेला लेखक जन्माला आला. १९५९ अखेरीस हायाकावा या प्रकाशन संस्थेने विज्ञानकथांचे नियमित मासिक सुरू केले, तेव्हा ‘उचूजिन’मध्ये हात बसलेले लेखक तयार होतेच. १९६२ मध्ये तोक्योत पहिले जपानी विज्ञानकथा संमेलन भरले. त्यामागेही शिबानो होते. १९७० पासून संमेलनातर्फे दरवर्षी वाचकांच्या मतांनी पुरस्कार दिले जाऊ लागले. त्यांना नाव मिळाले ते एका अंकात बंद पडलेल्या त्या ‘सेइउन’चे.

एका सेकंदात किती चित्रे?

याच सुमारास दुसरा प्रवाह वाहू लागला होता. ओसामू तेझुका (१९२८–१९८९) यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले, पण ते रमले चित्रकथांत. अणुशक्तीवर चालणाऱ्या ‘आतोम’ या यंत्रबालकाची त्यांची चित्रकथा १९५२ पासून गाजत होती. १ जानेवारी १९६३ रोजी ती साप्ताहिक मालिका म्हणून दूरचित्रवाणीवर आली. परदेशात तिला ‘अॅस्ट्रो बॉय’ म्हणतात.

यातली अडचण समजण्यासाठी थोडे गणित करू या. चित्रपटाच्या फितीवर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. पंचवीस मिनिटांच्या भागाला २५ × ६० × २४, म्हणजे ३६,००० चौकटी लागतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी वापरले, तरी १८,००० चित्रे काढावी लागतील. तीही दर आठवड्याला! तेझुकांनी एक चित्र तीन चौकटींसाठी वापरले, म्हणजे संख्या १२,००० वर आली. मग बोलणाऱ्या पात्राचे फक्त ओठ हलवायचे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, उड्डाणाची जुनी चित्रे जपून ठेवून पुन्हा वापरायची, अशा युक्त्यांनी ती सुमारे दोन हजारांपर्यंत खाली आणली.

इतकी काटकसर करूनही प्रेक्षकाला हालचाल दिसते ती का? ‘दृष्टिपटलावर प्रतिमा क्षणभर टिकते म्हणून’ असे उत्तर आपण शाळेत देतो. ते अपुरे आहे. त्याने फार तर चित्र लुकलुकताना का दिसत नाही याचा थोडा उलगडा होतो. थोड्या थोड्या अंतरावरच्या स्थिर चित्रांची सांगड घालून त्यांतून गती ‘वाचण्याचे’ काम मेंदू करतो. माक्स वेर्टहाइमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्येच याचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. मेंदू उरलेल्या जागा भरून काढतो, म्हणूनच सेकंदाला आठ चित्रांवरही काम भागते.

या काटकसरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. तेझुकांनी मालिका निर्मितीखर्चापेक्षा कमी दराने विकली. इतरांनाही त्याच दराशी स्पर्धा करावी लागली आणि चित्रकारांच्या अपुऱ्या मोबदल्याचा प्रश्न या धंद्याला कायमचा चिकटला. तेझुकांची ‘मुशी प्रॉडक्शन’ ही संस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मात्र आतोम पाहत वाढलेल्या मुलांपैकी काही पुढे यंत्रमानव बनवणारे अभियंते झाले. आपल्या कामाची प्रेरणा आतोमपासून मिळाली, असे जपानमधील अनेक संशोधकांनी सांगितले आहे.

प्रेक्षक जागे होतात

दोन्ही प्रवाह हळूहळू एकमेकांना मिळू लागले. १९७२ मध्ये सुरू झालेल्या ‘गाचामान’ मालिकेसाठी वैज्ञानिक तपशील तपासण्याचे काम खुद्द शिबानोंनी केले. १९७४ मध्ये ‘अंतराळनौका यामातो’ ही मालिका आली. किरणोत्सर्गाने उद्ध्वस्त होत चाललेल्या पृथ्वीला वाचवण्यासाठी १,४८,००० प्रकाशवर्षे दूर जाऊन एका वर्षात परतायचे, असे तिचे कथानक होते. ते स्थळ मोठ्या मॅजेलन मेघात कल्पिले होते. त्या आकाशगंगेचे आज मोजलेले अंतर सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षे आहे, म्हणजे लेखकांनी अभ्यास केला होता. मात्र १९४५ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेचेच अंतराळयान बनवावे, हे युद्धाचे चटके सोसलेल्या अनेकांना खटकले.

त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘हायडी’ ही लोकप्रिय मालिका चालू होती. तिच्यापुढे ‘यामातो’ टिकली नाही. ठरल्यापेक्षा लवकर, २६ भागांतच ती गुंडाळावी लागली. पण प्रेक्षकांनी तिला सोडले नाही. १९७५ चा ‘सेइउन’ पुरस्कार तिला मिळाला. जागोजागी मंडळे निघाली आणि १९७७ मध्ये तिच्यावरून केलेल्या चित्रपटासाठी तरुणांच्या रांगा लागल्या. अॅनिमेशन फक्त लहान मुलांसाठी असते, हा समज त्या रांगांनी खोटा पाडला.

याच काळात, २१ डिसेंबर १९७५ रोजी, तोक्योत हौशी चित्रकथांचा पहिला बाजार भरला. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे आली. त्यांत शाळकरी मुलींचा भरणा मोठा होता. आज या बाजाराला काही लाख लोक जातात.

मुळा, पाणी आणि बर्फ

ऑगस्ट १९८१ मध्ये ओसाका येथे विसावे जपानी विज्ञानकथा संमेलन भरले. ओसाकाच्या नावातील एका चित्राक्षराचा उच्चार ‘दाइ’ असाही होतो. त्याला संमेलनाचा ‘कॉन’ जोडून झाला ‘दाइकॉन’, आणि ‘दाइकोन’ म्हणजे जपानी भाषेत मुळा! उद्‌घाटनासाठी हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाई या कला विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुमारे पाच मिनिटांचा चित्रपट तयार केला. चित्रे काढण्याचे पारदर्शक कागद महाग, म्हणून त्यांनी साधे प्लास्टिक आणून कापले. चित्रीकरण आठ मिलिमीटरच्या घरगुती कॅमेऱ्यावर केले. एक लहान मुलगी पेलाभर पाणी घेऊन निघते, वाटेतल्या राक्षसांशी लढते आणि ते पाणी सुकलेल्या मुळ्याला घालते. मुळ्याचे अंतराळयान होते.

१९८३ च्या संमेलनासाठी त्यांनी आणखी सफाईदार चित्रपट केला. त्यात मात्र दुसऱ्यांचे गाणे आणि दुसऱ्यांची पात्रे परवानगीवाचून वापरली होती. म्हणून तो आजवर रीतसर विक्रीला येऊ शकलेला नाही. आवडत्या गोष्टीवर आपला हक्क कुठपर्यंत, हा प्रश्न हौशी मंडळींच्या मागे तेव्हापासून आहे.

१९८४ च्या डिसेंबरात याच मंडळींनी ‘गायनॅक्स’ ही संस्था काढली. १९८७ मध्ये त्यांचा पहिला मोठा चित्रपट, ‘रॉयल स्पेस फोर्स’, आला. दिग्दर्शक यामागा तेव्हा पंचविशीचे होते. एक काल्पनिक देश आपला पहिला मानव अंतराळात पाठवतो, एवढीच कथा. तयारीसाठी मंडळी अमेरिकेत जाऊन स्पेस शटलचे उड्डाण पाहून आली. अग्निबाण सुटतो तेव्हा त्याच्या अंगावरून बर्फाचे असंख्य तुकडे गळून पडतात, ते दृश्य आन्नोंनी रेखाटले. हा बर्फ येतो कुठून? द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सियसला उकळतो. त्याने भरलेल्या टाकीचे बाहेरचे अंग इतके थंड होते, की हवेतील बाष्प त्यावर गोठते. इंजिनाच्या हादऱ्याने तो थर फुटून खाली येतो. एकही संवाद नसलेल्या या काही सेकंदांत अवस्थांतराचा एक चांगला पाठ दडलेला आहे.

हातातून सुटलेली निर्मिती

१९९५ मध्ये आन्नोंच्या ‘इव्हांगेलियन’ने या संस्थेला जगभर नाव दिले. पण १९९९ मध्ये करचुकवेगिरीचे प्रकरण झाले, आन्नोंनी २००६ मध्ये स्वतःची संस्था काढली आणि २०२४ मध्ये कर्जबाजारी ‘गायनॅक्स’ने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. समाजाचा रोषही या रसिकांनी सोसला. छंदात बुडालेल्यांसाठी १९८३ पासून ‘ओताकू’ हा काहीसा हेटाळणीचा शब्द रूढ झाला होता. १९८९ मध्ये एका भीषण गुन्ह्यातील आरोपीच्या घरी चित्रफितींचे ढीग सापडल्यावर वृत्तपत्रांनी सगळ्यांनाच संशयित ठरवले. एका माणसाच्या कृत्याचे खापर हजारो निरुपद्रवी मुलांवर फुटले.

शिबानोंची विज्ञानकथेची व्याख्या इथे आठवते. मानवी बुद्धीने निर्माण केलेल्या गोष्टी बुद्धीच्या ताब्यातून सुटून स्वतःच धावू लागतात, याचे भान असलेले साहित्य म्हणजे विज्ञानकथा, असे ते मानत. त्यांच्या चळवळीलाही हे लागू पडले. धूळ एकत्र आली, तिचा तारा झाला, पण तारा कोणत्या कक्षेत फिरेल हे धुळीच्या हाती राहिले नाही.

आपल्याकडे ही चित्रसृष्टी घरोघरी पोचली ती १९९३ मध्ये, दूरदर्शनवरच्या ‘जंगल बुक’मधून. ‘हायडी’ करणाऱ्या संस्थेतूनच पुढे निघालेल्या ‘निप्पॉन अॅनिमेशन’ची ती मालिका होती. मोगली जपानहून आला आहे, हे कित्येकांना ठाऊकही नव्हते. आपल्याला तयार माल मिळाला, तो घडवणारी पत्रे आणि हस्तलिखिते मिळाली नाहीत.

पण ती शाळेत सुरू करता येतील. जुन्या वहीच्या चोवीस पानांच्या कोपऱ्यांवर विद्यार्थ्यांना उसळणाऱ्या चेंडूची चित्रे काढू द्यावीत. पाने झरझर सोडून पाहावीत, मग एकाआड एक चित्र वगळून पुन्हा पाहावे आणि गती कुठे तुटते ते त्यांनीच ठरवावे. शाळेच्या हस्तलिखितात एक पान विज्ञानकथेला आणि एक पान वाचकांच्या पत्रांना ठेवावे. पत्रांची उत्तरे मात्र शिक्षकांनी देऊ नयेत, मुलांनी एकमेकांना द्यावीत.