काम नाकारण्याचा हक्क, काम मागण्याचा हक्क: वेवजीच्या वेशीवरून

नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप देतोय. बोलतानाचे अडखळे काढलेत, पण सगळे निघालेले नाहीत, तेवढं सांभाळून घ्या.

रोजगार हमी म्हटलं की आपल्याकडे गोष्ट दुष्काळापासून सुरू होते. १९७२ साल, भेगाळलेली जमीन, खडी फोडणारी माणसं, सुकडी. गोष्ट खरीच आहे. पण ती कोरड्या मुलखाची गोष्ट आहे. मी आज दुसऱ्या टोकापासून सुरू करणार आहे, जिथे पाऊस धो धो पडतो तिथून.

वेवजी. तालुका तलासरी, जिल्हा पालघर. महाराष्ट्राचं अगदी वरचं टोक. शेजारचं सोळसुंबा गुजरातेत. उंबरगाव स्टेशन गुजरातेत, तिथली कारखान्यांची वसाहतही गुजरातेत. सकाळी रस्त्याला उभं राहिलं की डबे घेऊन निघालेली माणसं दिसतात आणि त्यांतली बरीचशी राज्य ओलांडून कामाला जातात. त्यांना त्याचं काही वाटत नाही. सीमा नंतर आली, माणसं आधीची. १ मे १९६० ला उंबरगाव गुजरातेत गेलं. त्याआधी हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता आणि आजच्या तलासरीचा मोठा भाग उंबरगाव तालुक्यात मोडायचा. पालघर जिल्हा तर २०१४ चा.

आता १९४५ मध्ये चला. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. सहसा एका पानावर त्या कुणी लिहीत नाही.

पहिली दिल्लीतली. महायुद्ध संपत आलेलं. फौजेतून लाखो सैनिक सुटून घरी येणार, त्यांना काम कोण देणार? म्हणून जुलै १९४५ मध्ये सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचं एक महासंचालनालय काढलं आणि त्याखाली नोकरी शोधून देणारी कार्यालयं सुरू झाली. हीच आपली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, पुढे 'सेवायोजन कार्यालय'. १९४८ पासून ती सगळ्यांना खुली झाली. आमच्या पिढीने दहावीचा निकाल लागला की तिथे रांग लावून नाव नोंदवलेलं आहे, कार्ड जपून ठेवलेलं आहे आणि 'कॉल' कधी आला नाही म्हणून नशिबाला बोल लावलेला आहे. तो विषय वेगळा.

दुसरी गोष्ट त्याआधी दोन महिन्यांची. २३ मे १९४५. झरी नावाचं गाव, आज तलासरी तालुक्यात. हजारो वारली जमले. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली होती, तिथे इथले काही वारली जाऊन आले होते. मग गोदावरी आणि शामराव परुळेकर इकडे आले. झरीला ठरलं ते असं, की जमीनदाराकडे वेठ करायची नाही आणि त्याच्या खासगी शेतावर राबायचं तर दिवसाला बारा आणे रोख घ्यायचे.

बघा, दिल्लीत प्रश्न होता काम कसं मिळेल. झरीत प्रश्न होता काम नाकारता कसं येईल.

वेठ म्हणजे काय हे जरा थांबून सांगतो, कारण शब्द आपण फार स्वस्त केलाय. संपाच्या बातमीत आपण बिनधास्त लिहितो, 'प्रवाशांना वेठीला धरलं'. म्हणजे जी माणसं पगारासाठी काम थांबवतात त्यांच्यावरच हा शब्द फेकतो. मूळ वेठ म्हणजे फुकटचं, सक्तीचं काम. जमीनदाराने बोलावलं की जायचं. त्याचं शेत आधी, आपलं नंतर. भाताला पाऊस कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे आपलं शेत मागे पडलं की पीक गेलं, पीक गेलं की कर्ज, कर्ज झालं की पुन्हा त्याच दारात. याच्याही खालची पायरी होती लग्नगड्याची. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की तो माणूस गडी झाला, आणि नुसता तो नाही, ज्या बायकोसाठी कर्ज काढलं तीही राबायला गेली. कर्ज कितीचं, फिटलं किती, हिशेब सावकाराच्या वहीत. वाचता कुणाला येत होतं? गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलंय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा, एवढंच म्हणतो.

वेठ थांबली ती फार झपाट्याने. मग प्रश्न आला मजुरीचा. या भागात पावसाळ्यानंतर गवत कापायचं मोठं काम असायचं, गवत मुंबईला जायचं. मागणी होती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. संप झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांच्याबरोबर आणखी माणसं गेली. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या कामावर पुन्हा संप, मागणी दिवसाला सव्वा रुपया. ठेकेदारांना ती मान्य करावी लागली.

मग संविधान आलं. त्यात या दोन्ही गोष्टी आहेत, पण सारख्या वजनाच्या नाहीत. कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं. तो मूलभूत हक्क आहे, कोर्टात जाता येतं. कलम ४१ म्हणतं की राज्याने कामाचा हक्क मिळवून द्यावा, पण आपल्या आर्थिक ऐपतीत. ते मार्गदर्शक तत्त्व, त्यासाठी कोर्टाचं दार नाही. म्हणजे झरीचा प्रश्न हक्क झाला आणि काम मागणाऱ्याचा प्रश्न इच्छा म्हणून राहिला.

ती इच्छा कायद्यात उतरवली महाराष्ट्राने, आणि याचं श्रेय वि. स. पागे यांचं. विधान परिषदेचे सभापती, माणूस सांगली जिल्ह्यातला. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूर भागात छोटा प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना आली, दुष्काळाने तिला गाठलंच. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मग १९७७ चा कायदा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून आणि आणखी काही करांतून, त्यात राज्याने तेवढीच भर घालायची. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर 'पी. टी.' म्हणून जी कपात दिसते ना, ती मूळ याच्यासाठी. बहुतेकांना हे माहीत नसतं.

आता गंमत पाहा. १९७९ पासून वेवजीच्या मजुराला काम मागायचा कायदेशीर हक्क होता. सोळसुंब्याच्या मजुराला नव्हता. शेताचा बांध ओलांडला की हक्क संपला. देशभराचा कायदा २००५ चा, २ फेब्रुवारी २००६ पासून तो निवडक जिल्ह्यांत आणि २००८ पासून सगळ्या ग्रामीण भागात लागू झाला. म्हणजे पाव शतकाहून जास्त काळ ही रेघ होती.

पण अलीकडे हक्क होता म्हणून माणसं अलीकडे थांबली का? नाही थांबली. इथे भाताचं एकच पीक. दिवाळीनंतर हाताला काम नाही. मग वीटभट्टी, मासेमारीच्या बोटी, वाड्या, बांधकाम, कारखाने. मुकादम आगाऊ उचल देतो, आणि उचल घेतली की हंगाम संपेपर्यंत सुटका नाही. लग्नगड्याची आठवण येते का? मला येते. तुलना ताणू नये हे कळतं, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे, काळ बदललाय. तरी येते.

इथे एका निकालाचा उल्लेख केला पाहिजे. १९८३, सर्वोच्च न्यायालय, संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार. दुष्काळी कामावर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी दिली होती. सरकारचं म्हणणं, ही मदत आहे, उपकार आहेत. न्यायमूर्ती भगवतींनी ते मानलं नाही. उपाशी माणूस कमी पैशात राबतो ते राजीखुशीने नाही, म्हणून किमान वेतनाखालचं काम हे कलम २३ च्या अर्थाने सक्तीचंच काम, मग ते सरकारने दिलेलं का असेना. आदल्या वर्षी आशियाई खेळांच्या मजुरांच्या खटल्यातही न्यायालयाने हेच म्हटलं होतं. झरीच्या सभेत जे बारा आणे मागितले त्याला कायद्याचे शब्द मिळायला असे ३८ वर्षं लागली.

शेवटी माझा एक अनुभव. गाव सांगत नाही. डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या एका पाड्यावर एका मावशींनी जॉबकार्ड दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेलं. आतली पानं जवळजवळ कोरी. मी विचारलं, काम मागितलं नाहीत? म्हणाल्या, मागितलं ना, दोनदा सांगितलं. कुणाला सांगितलं, लेखी दिलं का, पोच घेतली का, असं मी विचारत गेलो आणि माझं मलाच कसंतरी झालं. कारण सगळा कायदा त्या पोचपावतीवर उभा होता. नमुना ४ भरून काम मागायचं, तारखेची पोच घ्यायची, त्या तारखेपासून १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता. पोच नसेल तर तोंडी मागितलेलं काम मागितलं होतं हे दाखवता येत नाही.

मावशींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, तो कागद कुठे मिळतो? माझ्या मोबाइलमध्ये होता. शेजारच्या पोराने दाखवलेल्या दुकानात जाऊन पाच झेरॉक्स काढल्या आणि त्या पोराने, तो अकरावीत होता, तिथेच ओट्यावर बसून पाच बायकांचे अर्ज भरले. तारीख घालायची राहिली होती, ती मावशींनीच लक्षात आणून दिली.