जाणारा धूर, येणारी हवा

टर्बो गाडीच्या संगणकातले इंधनाचे आणि हवेचे गणित बदलून, म्हणजे रिमॅप करून, ताकद वाढवली, की पुष्कळदा एक तक्रार मागे लागते. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर अडखळते आणि मग एकदम उसळी घेते. हा दोष संगणकाच्या युगातला आहे, असा सर्वसाधारण समज आहे. वर्धा जिल्ह्यात आजवर धावलेल्या इंजिनांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. बाहेर पडणाऱ्या वाफेच्या किंवा धुराच्या जोरावर आत हवा आणायची, ही व्यवस्था या भागात दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिच्यातला अडखळाही तितकाच जुना आहे. त्यामुळे बिघाडाचे निदान इंधनापासून नव्हे, हवेपासून सुरू करावे, असे माझे म्हणणे आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली वर्ध्यावरून नागपूरला पोचली. पुढच्या दशकात हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा वाहण्यासाठी वर्ध्याहून दक्षिणेकडे फाटा निघाला. या मार्गांवरच्या वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधले काम संपलेली वाफ एका नळीतून चिमणीत जोराने सोडली जाई. तिच्या ओढीने भट्टीत ताजी हवा शिरे. इंजिन जितके जोर लावी, तितका विस्तव फुले. पण गाडी स्टेशनात उभी राहिली की ही ओढ थांबे. मग फायरमनला ब्लोअर उघडून बॉयलरमधली वाफ चिमणीत सोडावी लागे आणि कृत्रिम ओढ निर्माण करावी लागे. निघायच्या घाईत भट्टीत कोळसा कोंबला, तर काळा धूर उठे आणि वाफेचा दाब उलट घटे. तरबेज फायरमन म्हणूनच थोडाथोडा कोळसा वारंवार टाकी. इंधन वाढवले म्हणजे ताकद वाढते असे नाही, हा धडा त्याने रोजच्या कामात गिरवला होता.

पुढच्या काळातले पुरावे याच धड्याला दुजोरा देतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आले, तेव्हा देशात अनेक बसगाड्या लाकडी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागल्या. कोळशाच्या भट्टीतून हवा ओढण्याचे काम इंजिनच करी. त्यामुळे इंजिन मंद असताना विस्तवही मंद असे आणि एकाएकी वेग मागितला तर वायू वेळेवर पोचत नसे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम चाले. तिथल्या ‘मगन चुली’च्या धुराड्यातही हेच तत्त्व होते: वर जाणारा गरम धूर खालून हवा ओढतो आणि धुराडे थंड असेपर्यंत ती ओढ कमीच राहते. १९०५ साली स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने टर्बोचे पेटंट घेतले, तेही बाहेर पडणाऱ्या वायूंच्या शक्तीने आत हवा दाबून भरण्याचे. भारतीय रेल्वेच्या २,६०० अश्वशक्तीच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनात असाच टर्बो होता. ड्रायव्हरने नॉच, म्हणजे ताकदीची पायरी, वाढवली की इंधन तत्काळ मिळे, पण टर्बोला वेग घ्यायला वेळ लागे. त्या मधल्या काळात चिमणीतून काळा लोट निघे.

रिमॅप केलेल्या गाडीत इंधन आणि हवा यांच्यातली हीच दरी रुंदावते. ट्यूनर इंधन आणि बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) दोन्ही वाढवतो, पण हवेची वाट जुनीच राहते. इंटरकूलरच्या होजला चीर असेल, फिल्टर धुळीने भरला असेल किंवा काजळीने टर्बोच्या पात्या अडकल्या असतील, तर संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांत तफावत पडते. वर्ध्याचा उन्हाळा त्यात भर घालतो. ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे नऊ टक्के विरळ असते. थंड हवेत जमवलेले गणित मे महिन्यात चुकणारच. म्हणून हे दोन दाब आधी ताडून पाहावेत, मग होज आणि फिल्टर तपासावेत, आणि त्यानंतरच पंप, इंजेक्टर किंवा नव्या रिमॅपचा विचार करावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की प्रत्येक अडखळा हवेमुळे नसतो. हे मान्य करायला हवे. वाढलेल्या दाबाखाली पेट्रोल इंजिनाच्या जुन्या प्लगची ठिणगी विझते, इंधनाचा पंप कमी पडतो. पण हवेची तपासणी स्वस्त आहे आणि ती हिशेबात धरली नाही, तर प्लग व पंप उगाच बदलले जातात. दुसरा आक्षेप असा, की बिघाडाचा कोड दाखवणारा स्कॅनर असताना फायरमनचा अनुभव कशाला? स्कॅनर परिणाम नोंदवतो, कारण माणसाला शोधावे लागते. हवा कमी पडल्याचा कोड दिसला, तरी ती कुठे अडली किंवा कुठून निसटली हे त्यात लिहिलेले नसते. शिवाय थोडा विलंब हा टर्बोचा स्वभाव आहे आणि त्याला दोष समजून इंधन वाढवत नेले, तर इंजिनाची हानीच होते. स्वभाव आणि बिघाड यांतला हा फरक वाफेच्या फायरमनला कळत होता. आजच्या मेकॅनिकच्या प्रशिक्षणात स्कॅनरसोबत हा इतिहासही शिकवला गेला पाहिजे, कारण त्यातून तपासणीचा क्रम पक्का होतो.