परकी विद्यार्थी आणि न्यायालयाचें दार

विलायतेस शिकावयास निघालेल्या मुलाला तेथील सरकारनें प्रवेशाचा परवाना नाकारला, म्हणजे "कोर्टांत दाद मागूं" असें आपल्याकडे सहज बोललें जातें. ही वाट मुळांत किती अरुंद आहे, हें ज्या खटल्यावरून उत्तम दिसतें तो श्मिट खटला वाचकांस फारसा ठाऊक नसावा.

ससेक्स परगण्यांत ईस्ट ग्रिन्स्टेड येथें सायंटॉलजी पंथाचें हबर्ड कॉलेज होतें. त्या 'विद्ये'विषयीं आम्हांस तिळमात्र आदर नाहीं. परंतु प्रश्न विद्येच्या दर्जाचा नव्हता. जुलै १९६८ मध्यें आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांनीं पार्लमेंटांत जाहीर केलें कीं, हा पंथ समाजास अपायकारक आहे. सबब तेथें शिकण्यासाठीं परकीयांस यापुढें येऊं दिलें जाणार नाहीं, व आलेल्यांची मुदतही वाढणार नाहीं. त्याप्रमाणें मुदतवाढ नाकारली गेली, तेव्हां दोन अमेरिकन विद्यार्थी कोर्टांत गेले. आमचें म्हणणें ऐकून न घेतांच निकाल झाला, ही त्यांची तक्रार होती.

ते हरले. अपील-न्यायालयांत लॉर्ड डेनिंग यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, परकीयास परवानगीवांचून या देशांत राहण्याचा हक्क नाहीं. मुदत सरली कीं त्यानें निघून जावें. मात्र ओघांत त्यांनीं असेंही म्हटलें कीं, मुदत संपण्यापूर्वींच परवाना काढून घेतला, तर त्या मनुष्यास बोलण्याची संधि दिली पाहिजे. कारण तोंवर राहूं दिलें जाईल अशी त्याची 'न्याय्य अपेक्षा' असते. निकालास या वाक्याची गरजच नव्हती! पण तेंच वाक्य पुढें टिकलें. १९८४ सालीं ब्रिटिश सरकारच्या गुप्त संदेश-केंद्रांतील नोकरांच्या खटल्यांत हाउस ऑफ लॉर्ड्सनें त्या तत्त्वास मान्यता दिली, आणि १९९२ सालीं दिल्लीच्या नवज्योति गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही त्याचाच आधार घेतला. विद्यार्थ्यांच्या पराभवांतून निघालेलें तत्त्व नोकरांच्या खटल्यांत मान्य झालें व घरें बांधणाऱ्यांच्या कामीं आलें, हा योग आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो.

खुद्द विद्यार्थ्यांस जें मिळालें, तें न्यायाधीशांकडून नव्हे, पार्लमेंटाकडून. विल्सन समितीच्या १९६७ च्या अहवालानंतर १९६९ च्या कायद्यानें प्रवेश नाकारल्यास अपील करण्याचा हक्क दिला. पण दिल्या हातानेंच तो काढून घेण्यांत आला. १९९३ सालीं सहा महिन्यांच्या आंतील अभ्यासक्रमाचे विद्यार्थी वगळले गेले. २००६ च्या कायद्यानें, तो अमलांत येतांच, परदेशांतून अर्ज करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांचा हक्क गेला. २०१४ च्या कायद्यानें देशांत असलेल्यांचाही गेला. मानवी हक्कांसारखी बाब असेल तरच आतां अपील आहे. एरव्हीं त्याच खात्यानें आपला कागद पुन्हां तपासावयाचा. आणि त्यानेंही भागलें नाहीं, तर जी न्यायिक तपासणी मागतां येते, तींत न्यायाधीश विद्यार्थ्यास परवाना द्यावा कीं नाहीं हें पाहत नाहींत, नकार कायदेशीर रीतीनें दिला कीं नाहीं एवढेंच पाहतात.