खोडात किडा सापडला, म्हणून किडाच दोषी? : सफरचंदाच्या एका रोगाचा इतिहास

रिसर्च प्रपोजलमध्ये 'अमुक रोगाचे कारण शोधणे' असं उद्दिष्ट आपण सहज लिहून टाकतो. पण कारण शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मुलाखतीत गाडी बहुतेक वेळा इथेच अडते. म्हणून आज फायर ब्लाइट या रोगाचा इतिहास बघू. त्याचं कारण सिद्ध व्हायला साधारण शंभर वर्षं लागली.

रोग काय आहे?

या रोगात सफरचंद आणि नासपतीचा मोहोर काळा पडतो, कोवळे शेंडे वाकतात आणि फांदी आगीत होरपळल्यासारखी दिसते. नावातला 'फायर' त्यावरूनच आला. रोग फांदीतून खाली उतरतो आणि खोडाची साल मरते. मेलेल्या सालीने खोडाला पूर्ण वेढा घातला की झाड गेलंच. मोठ्या झाडाची एखादी फांदी कापून भागतं. कोवळ्या झाडात मात्र शेंड्यापासून खोडापर्यंतचं अंतरच कमी असतं.

पहिला संशयित : किडा

अमेरिकेत हडसन नदीच्या परिसरात विल्यम डेनिंग यांनी १७८० च्या सुमारास हा रोग पाहिला. त्यांचं टिपण १७९४ मध्ये छापून आलं. मरत असलेल्या झाडांच्या खोडात त्यांना पोखरणारा किडा सापडला, आणि त्यांनी दोष त्यालाच दिला.

त्यांना हसू नका. किडा खरंच तिथे होता. निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं गोठलेला रस, कडक ऊन, बुरशी अशी एकेक कारणं पुढे येत राहिली. प्रत्येकाकडे काहीतरी पुरावा होताच.

दुसरा संशयित : जिवाणू

रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये अँथ्रॅक्सचा जिवाणू दाखवला. त्यानंतर दोनच वर्षांत इलिनॉयमध्ये थॉमस बरिल यांना रोगट फांद्यांच्या रसात सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू दिसले. आता जरा थांबून विचार करा. डेनिंगना किडा 'सापडला', बरिलना जिवाणू 'सापडले'. इथपर्यंत दोघांच्या पुराव्यात फरक काय? काहीच नाही!

फरक पडला पुढच्या पायरीवर. बरिल यांनी १८८० मध्ये रोगट झाडाचा रस निरोगी झाडांना टोचला, आणि रोग झाला. तरी एक शंका उरतेच. रसात जिवाणूंबरोबर इतरही बरंच काही असतं. एखादं विषारी द्रव्य असेल तर?

हा प्रश्न सोडवला न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या प्रयोगकेंद्रात जोसेफ आर्थर यांनी. १८८५ च्या आसपास त्यांनी जिवाणू झाडाबाहेर वाढवले. ते पुन:पुन्हा नव्या द्रवात नेले, म्हणजे मूळ रस जवळजवळ उरलाच नाही. ते टोचले तर रोग झाला. मग त्याच द्रवातून जिवाणू गाळून काढले आणि उरलेला द्रव टोचला. रोग झाला नाही. हा दुसरा प्रयोग म्हणजे आपला 'कंट्रोल'. वनस्पतींना जिवाणूंमुळे रोग होतो, हे भक्कमपणे सिद्ध होण्याची ही पहिली वेळ मानतात. आज डाळिंबावरचा तेल्या जिवाणूजन्य आहे असं आपण सहज म्हणतो, त्यामागे हा प्रयोग आहे.

किड्यांची गोष्टही इथे संपली नाही. १८९१ मध्ये मर्टन वेट यांनी दाखवलं की मधमाश्या हे जिवाणू एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात. म्हणजे कीटकाचा संबंध होता, पण वाहक म्हणून!

प्रश्न अजून जिवंत आहे

सघन लागवडीसाठी सफरचंदाची कलमं एम-९ सारख्या बुटक्या खुंटांवर बांधतात. हा खुंट फायर ब्लाइटला फार लवकर बळी पडतो. २००० साली मिशिगनच्या नैर्ऋत्य भागात या रोगाने दोन लाखांहून जास्त झाडं गेली.

२०१३ पासून पेन्सिल्व्हेनियात आणखी एक कोडं समोर आलं. बुटक्या खुंटावरची तरुण झाडं काही आठवड्यांत कोसळतात आणि खोड कलमाच्या जोडाशी मेलेलं दिसतं. याला रॅपिड ॲपल डिक्लाइन म्हणतात. अशा झाडांत एक नवा विषाणू सापडला, पण तो लक्षणं नसलेल्या झाडांतही मिळाला. खोड पोखरणारे भुंगेरेही सापडले, पण ते आधीच ताणाखाली असलेल्या झाडांकडे ओढले जातात. थंडी आणि दुष्काळ यांच्यावरही संशय आहे. थोडक्यात, आपण पुन्हा डेनिंग यांच्या जागी उभे आहोत. फक्त हातात सूक्ष्मदर्शकाऐवजी जीनोम सिक्वेन्सिंग आहे. त्यामुळे 'सापडणाऱ्या' गोष्टींची यादी लांबते. त्यातलं कारण कोणतं, हे ती यादी सांगत नाही.

म्हणून प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला जे सापडेल ते निरोगी नमुन्यातही आहे का, हे मी तपासणार आहे का? ते वेगळं काढून निरोगी झाडात रोग घडवता येईल का? आणि तेवढंच वगळून बाकी सगळं दिलं, तर रोग थांबतो का? ही उत्तरं तुमच्या कार्यपद्धतीत दिसली, तर 'कारण शोधणे' हे शब्द बिनधास्त लिहा. नाहीतर 'संबंध तपासणे' असं लिहा. तेही चांगलं संशोधनच आहे, आणि मुलाखतीत त्याचा बचाव करणं सोपं जातं.