उणीव की काटकसर?

१८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी मेंढीच्या अवटू, म्हणजे थायरॉइड, ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईंना टोचला. त्यांची स्वतःची ग्रंथी निकामी झाली होती. चेहरा सुजलेला, बोलणे-चालणे मंद. काही महिन्यांत त्या हिंडूफिरू लागल्या आणि पुढे २८ वर्षे जगल्या. जे कमी पडले ते बाहेरून द्यावे, या विचाराचा एवढा स्वच्छ विजय क्वचितच पाहायला मिळतो.

या ग्रंथीचे मुख्य संप्रेरक थायरॉक्सिन. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून ते टी-४. तीन अणूंचे, अधिक प्रभावी टी-३ लंडनमध्ये १९५२ साली ग्रॉस आणि रोझलिंड पिट-रिव्हर्स यांना सापडले. टी-४ मधला एक अणू निघून ग्रंथीबाहेरही टी-३ बनते, हे १९७० मध्ये माणसात दिसून आले. मात्र कोणता अणू निघतो याला महत्त्व आहे. बाहेरच्या वलयावरचा निघाला तर टी-३. आतल्या वलयावरचा निघाला तर जवळजवळ निष्क्रिय असे 'उलटे टी-३'.

१९७० च्या दशकात रक्तातील ही सूक्ष्म प्रमाणे मोजता येऊ लागली आणि कोडे पडले. अवटू ग्रंथी धड असलेल्या, पण जंतुसंसर्ग, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया यांनी अत्यवस्थ झालेल्या रोग्यांत टी-३ घसरलेले आणि बहुधा उलटे टी-३ वाढलेले! नुसत्या उपवासानेही असेच होते. आजार फार बळावला की टी-४ सुद्धा उतरते, आणि अशा रोग्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक. मग मरे यांचाच कित्ता गिरवावा असे वाटले तर नवल नाही.

पण एक गोष्ट खटकत होती. ग्रंथी खरोखर मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक वाढवून तिला डिवचते. या रोग्यांत टीएसएच सहसा वाढत नव्हते. शरीरच काटकसर करीत होते की काय?

नुसत्या तर्काने हे सुटणारे नव्हते. १९८६ मध्ये ब्रेंट व हर्शमन यांनी टी-४ उतरलेल्या २३ अत्यवस्थ रोग्यांचे दोन गट केले. थायरॉक्सिन मिळालेल्या ११ पैकी ८ दगावले, न मिळालेल्या १२ पैकी ९. रक्तातले टी-४ मात्र सुधारले होते! रोगी थोडे, त्यामुळे बारीक फरक यातून कळणार नाही. तरी हा प्रयोग वर्गात सांगण्याजोगा आहे असे आम्हाला वाटते. १९९५ मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत टी-३ देऊन पाहिले. हृदयाचे काम थोडे सुधारले, रोग्यांच्या अंतिम स्थितीत फरक पडला नाही. २००० साली तर मूत्रपिंडे अचानक निकामी झालेल्या रोग्यांत थायरॉक्सिन दिलेलेच अधिक दगावले.

म्हणून केवळ आकडा कमी आहे एवढ्यावर अतिदक्षता विभागात आज हे औषध सहसा देत नाहीत. ग्रंथीच निकामी होऊन बेशुद्धी आली असेल, तर ते द्यावेच लागते. आणखी एक धागा बेल्जियममधील ल्यूव्हेनचा. आठवडेच्या आठवडे अत्यवस्थ राहणाऱ्या रोग्यांत हायपोथॅलॅमसकडून पियुषिकेला येणारा इशाराच क्षीण होतो, असे ग्रेटा व्हान डेन बर्ग यांच्या गटाला आढळले. तो इशारा बाहेरून दिला तर टी-३ आणि टी-४ वर येतात. त्याने जीव वाचतात का, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही.