पेशीतलं एकच प्रथिन शोधायचं कसं? प्रकाशाने ‘चालू’ होणाऱ्या प्रथिनांची गोष्ट

विसर्जनाच्या रात्री सदाशिव पेठेतल्या एखाद्या गच्चीवरून टिळक रस्त्याकडे पाहा. सगळ्यांनी मोबाइलचे टॉर्च लावले, तर नुसता उजेडाचा पट्टा दिसेल. पण एकाच ढोल पथकाने टॉर्च लावले, तर ते अलका चौकाकडे कसं सरकतंय, हे सहज कळेल.

जिवंत पेशीत डोकावणाऱ्या शास्त्रज्ञांची अडचण नेमकी हीच होती.

आधी काय व्हायचं?

जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं एक प्रथिन असतं. त्याचा जनुक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जोडला, की पेशीतलं ते प्रथिन चमकू लागतं. या शोधाला 2008 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण सगळंच चमकत असेल, तर कोण कुठून कुठे गेलं, हे कसं कळणार?

मग उपाय काय?

2002 मध्ये अमेरिकेत जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी या प्रथिनात छोटा बदल केला. नवं प्रथिन निळ्या प्रकाशात जवळपास अंधारंच राहतं. पण त्यावर जांभळ्या प्रकाशाचा झोत टाकला, की पुढे निळ्या प्रकाशात ते सुमारे 100 पट जास्त चमकतं. म्हणजे पेशीतला हवा तेवढाच भाग ‘चालू’ करता येतो. उदाहरणार्थ, एकच मायटोकाँड्रिया उजळला आणि चमक शेजारच्यात पसरली, तर दोन्ही एकमेकांत मिसळले, हे समजतं.

आणखी एक फायदा

साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकात सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. 2006 मध्ये एरिक बेट्झिग आणि सहकाऱ्यांनी एका वेळी मोजकेच रेणू उजळवले, प्रत्येकाची जागा नोंदवली आणि हजारो फ्रेम्स जोडून चित्र तयार केलं. 2014 च्या नोबेलमध्ये बेट्झिग यांचाही वाटा होता.

मग अडचण कुठे आहे?

बेट्झिग यांच्या त्या पहिल्या प्रतिमा जिवंत पेशींच्या नव्हत्या. जिवंत पेशीला तीव्र जांभळा प्रकाश इजा करतो. दुखावलेली पेशी वेगळी वागते आणि तेच तिचं नेहमीचं वागणं समजलं, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून प्रकाश शक्य तितका कमी ठेवतात. शिवाय नुसता प्रकाश टाकलेली, पण हे प्रथिन नसलेली पेशीही तुलनेसाठी तपासतात.